स्पिनर बसला, पण कन्सोलला काय दिसलं?

जुन्या गेम कन्सोलला फिरणारा नॉब, म्हणजे स्पिनर, कसा जोडायचा याची जी वर्णनं वाचायला मिळतात, त्यातली बहुतेक एकाच वाक्यावर संपतात: तारा जोडल्या, गेम चालली. माझा आक्षेप या "चालली"वर आहे. कोणत्या वेगापर्यंत चालली? किती पायऱ्या हरवल्या? नॉब परत आणला तर पडद्यावरची फळी मूळ जागी आली का? ही उत्तरं नसतील तर ते वर्णन जर्नलमध्ये निष्कर्षाचा ग्राफ छापून अक्षांवर एककं न लिहिण्यासारखं आहे.

बोदवडला आमच्या पिढीने जो "व्हिडिओ गेम" खेळला तो निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. एका कॅसेटमध्ये शंभर गेम लिहिलेल्या असायच्या, प्रत्यक्षात त्याच त्याच फिरून यायच्या. अशा अनेक कॅसेटींत अर्कानॉईड असायची: खाली फळी, वर विटा, मध्ये चेंडू. आम्ही ती डाव्या-उजव्या बटणांवर खेळलो. ती मुळात नॉबची गेम आहे हे मला एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हतं. तैतो कंपनीच्या 1986 च्या आर्केड मशीनवर न थांबता फिरणारा स्पिनर होता. घरच्या कन्सोलसाठी त्यांनीच वाउस नावाचा नॉब काढला, तर त्यात व्हेरिएबल रेझिस्टर होता. म्हणजे दोन्ही टोकांना अडणारा.

हा फरक आधी नीट पकडा, पुढचं सगळं त्यावर आहे. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब टोकाला जाऊन थांबतो, त्यामुळे तो "मी इथे आहे" असं सांगतो. कारच्या नव्या स्टिरिओचा नॉब गरगर फिरतच राहतो. तो फक्त "मी एक पायरी उजवीकडे सरकलो" एवढंच सांगतो. पहिला स्थान देतो, दुसरा बदल. बदलांची बेरीज करून स्थान मिळतं खरं, पण एक पायरी हुकली की ती चूक पुढे कायमची राहते.

अटारी 2600 या 1977 च्या कन्सोलला दोन्ही प्रकारचे नॉब होते आणि बाहेरून ते जवळपास सारखेच दिसायचे. प्लगही तोच, नऊ पिनांचा. पॅडलमध्ये एक मेगाओहमचा व्हेरिएबल रेझिस्टर. कन्सोलमधला कपॅसिटर त्यातून भरत जातो आणि तो भरेपर्यंत टीव्हीच्या किती रेषा काढून झाल्या हे प्रोग्राम मोजतो. एक रेषा साधारण 64 मायक्रोसेकंदांची. वेगळा मोजणारा भाग न टाकता टीव्हीच्या रेषेलाच घड्याळ बनवलं, हे मला आजही आवडतं. दुसरा नॉब इंडी 500 या गाड्यांच्या गेमबरोबर यायचा, तो न थांबणारा. दोन तारांवर तो 00, 01, 11, 10 असा ग्रे कोड पाठवतो. एका वेळी एकच बिट बदलतो, म्हणून आधीची आणि आताची स्थिती पाहिली की दिशा कळते.

आता पेच असा, की कन्सोल या तारांकडे सतत बघत नाही. गेम सहसा दर फ्रेमला एकदा बघते, पॅल टीव्हीवर सेकंदाला 50 वेळा. दोन बघण्यांच्या मध्ये नॉब दोन पायऱ्या गेला तर 00 नंतर थेट 11 दिसतं आणि दिशा कळायला मार्गच उरत नाही. तीन पायऱ्या गेला तर 00 नंतर 10 दिसतं, म्हणजे कन्सोलच्या मते तुम्ही एक पायरी उलटे गेलात! सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार. सॅम्पलिंगचं प्रमेय बी.एस्सी.ला पाठ केलेलं असतं, इथे ते हाताला लागतं.

म्हणूनच "चांगल्यातला एन्कोडर घ्या" हा सल्ला मला घातक वाटतो. बाजारात 600 पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर सहज मिळतो. दर पल्सला चार पायऱ्या, म्हणजे एका फेऱ्याला 2400. कन्सोल सेकंदाला फार तर 50 पायऱ्या झेलणार. हिशोब करा: एक फेरा 48 सेकंदांत फिरवला तरच सगळं बरोबर मोजलं जाईल. आर्डुइनोच्या किटमधला 20 पल्सचा स्वस्त एन्कोडर 80 पायऱ्या देतो, त्याला एका फेऱ्याला 1.6 सेकंद पुरतात. थेट जोडायचा असेल तर महागडा इथे स्वस्तापेक्षा वाईट. रिझोल्यूशन वाढवलं की मोजमाप सुधारतं, असं आपण सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त लिहितो. वाचणारी बाजू तेवढी वेगवान आहे का, हे मात्र तपासत नाही.

मध्ये मायक्रोकंट्रोलर टाकून पायऱ्या मोजायच्या आणि कन्सोलला सावकाश द्यायच्या, हा उपाय योग्य आहे. पण तिथेही एक निर्णय दडलेला असतो आणि तो कुणी लिहीत नाही. हात 50 पेक्षा वेगाने पायऱ्या देतोय, तर जास्तीच्या पायऱ्यांचं काय करायचं? सोडून दिल्या तर अंतर हरवतं. रांगेत ठेवल्या तर हात थांबल्यावरही गाडी वळत राहते. खेळायला मी पहिलं निवडेन, कारण उशीर हाताला लगेच खुपतो. तोच एन्कोडर प्रयोगातलं अंतर मोजायला लावला असता तर दुसरं निवडलं असतं. निवड कोणतीही करा, पण ती सांगा.

पॅडलच्या बाबतीत डिजिटल पोटेन्शिओमीटरची चिप सुचवली जाते. एमसीपी41100 ही त्या मालिकेतली सर्वांत मोठी, तरी ती 100 किलोओहमचीच. पॅडलला हवा एक मेगाओहम. म्हणजे पडद्याच्या एका कडेच्या पट्टीतच फळी घुटमळणार. तरीही "जोडलं, हललं" असं लिहिता येतंच.

आता माझं स्वतःचं. मी फॅमिकॉमच्या नकलेला एन्कोडर जोडला तो सर्वांत सोप्या रीतीने: उजवीकडे फिरवलं की उजवं बटण दाबल्यासारखं, डावीकडे फिरवलं की डावं. कन्सोल आठ बटणं एका तारेवरून ओळीने वाचतो. अस्सल कंट्रोलरमध्ये त्यासाठी 4021 ही शिफ्ट रजिस्टरची चिप असते, तीच मी आर्डुइनोपुढे लावली. पहिल्याच संध्याकाळी फळी हलली. मी व्हिडिओ काढला, लेखाचा मसुदाही लिहिला. शेजारच्या मुलाने दहा मिनिटं खेळून म्हटलं, "दादा, हे त बटनासारखंच चालून राह्यलं." बरोबर होतं त्याचं. बटण धरल्यावर फळी ठरावीक वेगानेच सरकते. मी नॉब झटका देऊन फिरवला काय नि हळू फिरवला काय, वेग तोच. स्पिनरचा अख्खा अर्थ वेगात आणि मी तोच गाळून टाकला होता.

मसुदा मागे घेतला आणि एक साधी चाचणी केली. नॉबवर मार्करने खूण, फळीच्या टोकापाशी पडद्यावर चिकटपट्टी. अर्धा फेरा झटकन उजवीकडे, मग तेवढाच सावकाश डावीकडे. खूण जागेवर आली, फळी मात्र चिकटपट्टी ओलांडून पार डाव्या भिंतीला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

पुढची पायरी वाउसची नक्कल करण्याची आहे. त्याचा डेटा बटणांच्या नेहमीच्या तारेवरून येत नाही, वेगळ्या तारेवरून येतो. ती तार आमच्या नकलेच्या पोर्टापर्यंत आणलेली आहे की बोर्डावरच सोडून दिली आहे, हे पाहायला येत्या रविवारी स्क्रू खोलणार आहे. चिकटपट्टी अजून टीव्हीवरच आहे, आई रोज विचारते.