‘कोर्ट’ची निवड

युरोपातील ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धेसाठी काही देश आपले गीत लोकमताने निवडतात. काही ठिकाणी दूरचित्रवाणी संस्थाच ते परस्पर ठरवते. ऑस्करसाठी भारताचा चित्रपट फिल्म फेडरेशनची समिती निवडते. २०१५ मध्ये तिने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाठवला. गाण्यापायी खटला भोगणाऱ्या शाहिराची ही कथा लोकमताने निवडली गेली असती का? आम्हांस शंका आहे. तिची संथ गती गर्दीला मानवणारी नव्हे. पण तारखांत वाया जाणारे आयुष्य त्या गतीतूनच जाणवते, आणि कॅमेरा सरकारी वकिलाच्या घरीही त्याच समभावाने जातो. जाणत्यांची समिती हवी ती याचसाठी. ‘कोर्ट’ला नामांकन मिळाले नाही, म्हणून निवड खोटी ठरत नाही. मात्र समितीने कारणेही सविस्तर सांगावीत. तळेगाव दाभाड्यात नाताळगीतांच्या स्पर्धेचे परीक्षकसुद्धा निकालाआधी दोन शब्द बोलतात.