डाव्या कॉलमात देऊळ, उजव्या कॉलमात बेसबॉल

सहलीची कार्यक्रमपत्रिका हाही एक मजकूरच असतो. कशाला दोन तास द्यायचे, कशाला वीस मिनिटं, काय गाळायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. आणि त्यातून 'हा देश म्हणजे काय' याबद्दलचं एक मत गुपचूप आपल्या गळी उतरतं. पुस्तकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, मग हिची का नको?

ही पत्रिका आहे जपानमधले बेसबॉलचे सामने आणि सांस्कृतिक स्थळदर्शन एकत्र विकणाऱ्या ग्रुप टूरची. गेल्या वर्षी मी अशा एका टूरवर गेले. ग्रुपमध्ये बहुतेक जण अमेरिकन, क्रिकेटवर वाढलेली मी एकटीच. पत्रिकेत सरळ दोन कॉलम होते. सकाळी 'संस्कृती': असाकुसाचं सेन्सोजी मंदिर, क्योतोतल्या फुशिमी इनारीच्या लाल कमानी, चहाचा विधी. संध्याकाळी 'बेसबॉल'. मध्ये बस. मी दिवसभर डेटाबेसवर काम करते, त्यामुळे मला हे लगेच खटकलं. दोन टेबलं आहेत, पण त्यांना जोडणारी कीच नाही.

आधी चांगलं काय ते सांगते. सामन्याच्या संध्याकाळी खरंच भारी होत्या. तोक्योचं मेइजी जिंगू स्टेडियम 1926 सालचं. 1934 साली बेब रूथ इथे खेळून गेला. यजमान याकुल्ट स्वॉलोजनी धाव काढली की हजारो लोक छोट्या छत्र्या उघडून नाचवतात. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं, सोबत ढोल आणि ट्रम्पेट. आपला संघ फलंदाजीला असताना गायचं, दुसऱ्याची पाळी आली की त्यांना गाऊ द्यायचं, हा अलिखित करार. पाठीवर बिअरचं पिंप बांधून जिने चढणाऱ्या मुली. हे सगळं तिकीट काढून हातात देणाऱ्या टूरला मी नावं ठेवणार नाही.

पण याच स्टेडियमला 'संस्कृती'च्या कॉलममध्ये जागा नाही. हारुकी मुराकामींनी स्वतः लिहून ठेवलंय, की 1978 साली इथे सामना बघत असताना आपण कादंबरी लिहू शकतो असं त्यांच्या मनात आलं. आता पुनर्विकासात हे स्टेडियम पाडायचं ठरलंय, त्याला मुराकामींनी विरोध केला. परिसरातली झाडं वाचवण्यासाठी संगीतकार र्‍यूइची साकामोतोंनी मृत्यूच्या थोडं आधी तोक्योच्या गव्हर्नरना पत्र लिहिलं. आमच्या पत्रिकेत या स्टेडियमसमोर फक्त गेट नंबर आणि सामन्याची वेळ होती.

सगळ्यात मोठी फट हिरोशिमात दिसते. सकाळी शांती संग्रहालय आणि अणुबॉम्बने खिळखिळा झालेला घुमट. सगळे गप्प. संध्याकाळी स्टेशनजवळच्या नव्या स्टेडियममध्ये हिरोशिमा कार्पचा सामना, सगळे लाल टोप्यांत. जणू दोन वेगळी शहरं.

प्रत्यक्षात 1957 पासून 2008 च्या मोसमापर्यंत कार्पचं मैदान त्या घुमटाच्या समोर होतं, रस्त्याच्या पलीकडे. संघ मैदानात उतरला 1950 साली, म्हणजे बॉम्बनंतर अवघ्या पाच वर्षांनी. इतर संघांच्या मागे वर्तमानपत्रं आणि रेल्वे कंपन्या होत्या, यांच्यामागे सुरुवातीला तसं कुणीच नव्हतं. पैसे संपले तेव्हा मैदानाबाहेर साकेचं लाकडी पिंप ठेवलं गेलं आणि ज्यांची स्वतःची घरं अजून धड उभी नव्हती, त्या लोकांनी त्यात नाणी टाकली. पहिलं लीग विजेतेपद मिळायला 1975 उजाडलं.

टूरवाले म्हणतील, लोक सुट्टीवर आलेत, त्यांच्यावर किती ओझं टाकायचं? पण ओझं तर सकाळीच टाकून झालेलं असतं. संग्रहालय सांगतं की शहराचं काय झालं. त्यानंतर शहराने काय केलं, हे कार्पची गोष्ट सांगते. तीच गाळली की हिरोशिमाचे लोक आपल्या डोक्यात कायमचे फक्त मेलेले राहतात, आणि संध्याकाळी शेजारी बसून गाणाऱ्या आजोबांचा त्यांच्याशी काही संबंधच उरत नाही.

गाइड दोन कॉलम जोडतो तेव्हा काय होतं, तेही बघा. जोडायला एकच गोंद: सामुराई. सादाहारू ओ यांचे 868 होमरन, एक पाय उचलून उभं राहायची त्यांची ढब, त्यासाठी तलवारीने केलेला सराव, म्हणजे पाहा जपानी आत्मा! सराव खरा आहे. पण ओ यांचे वडील चीनमधून आलेले. 1957 साली शाळेच्या संघाला कोशिएनची वसंत स्पर्धा जिंकून दिलेल्या या मुलाला, जपानी नागरिक नाही म्हणून, त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात खेळू दिलं नाही. ज्याला जपानी मानलं गेलं नाही, त्यालाच नंतर जपानीपणाचा नमुना बनवलं गेलं. तलवारीपेक्षा मला ही गोष्ट जपानबद्दल जास्त सांगते.

कोशिएनचंही तसंच. 1924 सालचं हे स्टेडियम आम्हाला हॅनशिन टायगर्सचं घर म्हणून दाखवलं. त्याचं लोखंडी छप्पर 1943 मध्ये युद्धासाठी उतरवून दिलं होतं. ऑगस्टमधल्या शालेय स्पर्धेत दरवर्षी 15 तारखेला दुपारी बारा वाजता खेळ थांबतो आणि मुलं टोप्या काढून युद्धात गेलेल्यांसाठी मिनिटभर उभी राहतात. आता हे कुठल्या कॉलममध्ये टाकाल?

उद्या कुणी पुण्यात 'क्रिकेट आणि संस्कृती' टूर काढली, तर सकाळी शनिवारवाडा आणि संध्याकाळी गहुंजेचा सामना असंच होईल. पाळवणकर बाळू कुठल्याच कॉलममध्ये बसणार नाहीत. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी सांभाळता सांभाळता इंग्रजांना गोलंदाजी करणारे, पुढे हिंदू संघासाठी विकेटी काढणारे, आणि त्याच संघात जातीमुळे ज्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा ते बाळू. त्यांना वगळून पुण्याचं क्रिकेटही कळत नाही आणि पुण्याची संस्कृतीही.

दोन कॉलमची सोय अशी, की संस्कृती जुनी, शांत आणि फोटोजोगी राहते, आणि खेळ नुसता खेळ राहतो. दोघांनाही कुणी अवघड प्रश्न विचारत नाही.

अशी टूर बुक करायच्या विचारात असाल तर जरूर करा. फक्त हिरोशिमात जेवणाच्या सुट्टीत बसमध्ये बसू नका. घुमटाकडून रस्ता ओलांडा. जुनं स्टेडियम गेलं, तिथे आता मोकळं उद्यान आहे, पण उजव्या बाजूच्या प्रेक्षागृहाचा एक तुकडा जपून ठेवलाय. चालत पाच मिनिटंही लागत नाहीत.