हंसावें कोठें? : तीन अल्पपरिचित ब्रिटिश विनोदी मालिका

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा भेद सांगितले आहेत. स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसाचे, विहसित व उपहसित हे मध्यमाचे, आणि अपहसित व अतिहसित हे अधमाचे. ही वर्गवारी हंसणाराची आहे, ज्याला हंसावयाचें त्याची नव्हे, ही गोष्ट सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. आपण कशाला हंसतों यापेक्षां कसे हंसतों यावरून आपली परीक्षा होते, असा तिचा आशय आम्हांस दिसतो. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांनीं या परीक्षेंतून प्रेक्षकाला मोकळें केलें. चित्रीकरणाच्या वेळीं जमविलेल्या श्रोत्यांचें हंसूं संवादांबरोबरच आपल्या घरांत येतें, आणि आपण हंसावें कीं नाहीं याचा निर्णय आपल्या आधींच होऊन गेलेला असतो.

ब्रिटिश मालिकांपैकीं 'माइंड युवर लँग्वेज' व 'येस मिनिस्टर' या आपल्याकडील पुष्कळांना ठाऊक आहेत. दुसरीचा तर 'जी मंत्रीजी' हा हिंदी अवतारहि २००१ सालीं फारूख शेख यांच्या भूमिकेसह येऊन गेला. पण त्यांच्या मागें अशा कांहीं कृति उभ्या आहेत, कीं ज्यांत हंसण्याचा निर्णय प्रेक्षकाला परत दिलेला आहे. त्यांतील तिहींचा परिचय येथें करून देण्याचा आमचा विचार आहे.

पहिली 'एव्हर डिक्रीझिंग सर्कल्स', म्हणजे आकसत जाणारीं वर्तुळें. जॉन एस्मंड व बॉब लार्बी या लेखकद्वयाची ही मालिका बी. बी. सी.नें १९८४ ते १९८९ या काळांत दाखविली. मार्टिन ब्राइस हा तिचा नायक. उपनगरांतील एका आळीचे सर्व सार्वजनिक उद्योग, क्रिकेटच्या सामन्यापासून समितीच्या टिपणांपर्यंत, त्याच्या हातीं आहेत. टेलिफोनचा रिसीव्हर उलटा ठेवलेला दिसला, कीं जातां-येतां तो सुलट केल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. अशा माणसाच्या शेजारीं पॉल रायमन राहावयास येतो. तो देखणा आहे, हजरजबाबी आहे, आणि मार्टिनला वर्षानुवर्षांच्या खटपटीनें जें साधत नाहीं तें त्याला हंसत-खेळत साधतें. मार्टिनची पत्नी अ‍ॅन हिचें मनहि त्याच्याकडे ओढ घेऊं लागतें.

मार्टिन हास्यास्पद आहे हें पहिल्याच भागांत सिद्ध होतें. पुढें ही मालिका दुसरेंच कांहीं सिद्ध करीत राहते: त्याची व्यवस्थाप्रियता ही भीतीनें उभारलेली तटबंदी आहे, आणि तिच्या आंत एक प्रामाणिक, एकनिष्ठ मनुष्य कोंडलेला आहे. याच लेखकांच्या 'द गुड लाइफ'मध्यें लोकांचा लाडका झालेला रिचर्ड ब्रायर्स येथें प्रेम करण्यास कठीण अशा माणसाची भूमिका करतो, व ती मऊ करण्याचा मोह टाळतो. श्रोत्यांचें हंसूं या मालिकेंत आहे. पण पेनेलोपी विल्टन यांची अ‍ॅन त्या थट्टेंत क्वचितच सामील होते. कानांवर हशा येत असतो आणि डोळ्यांपुढें तिचा चेहरा असतो. त्या दोहोंच्या मध्यें आपलें हंसूं अडतें. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो, म्हणून तो तिच्यांतून तरून जातो. मार्टिनला ती सोय नाहीं. त्याची बाजू दुसऱ्या कोणी तरी घ्यावयास हवी, आणि ती घ्यावी कीं न घ्यावी याच प्रश्नावर अ‍ॅनचा संसार उभा आहे.

दुसरी मालिका 'गेटिंग ऑन' (२००९ ते २०१२). या शब्दांचा एक अर्थ वय होत जाणें आणि दुसरा कसें तरी निभावून नेणें. येथें दोन्ही लागू पडतात. सरकारी रुग्णालयांतील वृद्ध स्त्रियांचा विभाग हें तिचें स्थळ. जो ब्रँड, जोॲना स्कॅनलन व विकी पेपरडाइन या तिघींनीं ती लिहिली व त्यांतील प्रमुख भूमिकाहि केल्या. ब्रँडबाई पूर्वी स्वतः मनोरुग्णांच्या परिचारिका होत्या, आणि तो अनुभव येथें जागोजागीं जाणवतो. पहिल्याच भागांत एका खुर्चीवर विष्ठा पडलेली आढळते. परिचारिका किम ती पुसावयास निघते, तों तिला अडविण्यांत येतें. आधीं नोंदीचा कागद भरला पाहिजे. शिवाय डॉक्टरीणबाईंना ती आपल्या संशोधनासाठीं हवी आहे!

हा प्रसंग कांहींना किळसवाणा वाटेल. परंतु तेथें कोणाला हंसविलें जातें व कोणाला वगळलें जातें हें पाहण्यासारखें आहे. अंथरुणावरील वृद्धेला हंसण्याची संधि लेखिका एकदांहि देत नाहींत. हंसूं येतें तें कागदाला, पदव्यांना आणि बैठकींतल्या पोकळ भाषेला. या मालिकेंत श्रोत्यांचा हशा मुळींच नाहीं. त्यामुळें शेजारच्या खाटेवर कोणी मरत असतां चाललेली क्षुल्लक हुज्जत ऐकून आपण हंसलोंच, तर त्या हंसण्याचा जबाब आपल्यालाच द्यावा लागतो.

तिसरी 'डिटेक्टरिस्ट्स' ही मॅकेन्झी क्रूक यांनीं लिहिलेली व दिग्दर्शित केलेली मालिका. तिचे तीन खंड २०१४ ते २०१७ मध्यें झाले, व २०२२ मध्यें एक दीर्घ भाग निघाला. अँडी व लान्स हे दोघे मित्र धातु शोधण्याचें यंत्र घेऊन एसेक्सच्या शेतांतून फिरतात. सांपडतात त्या बहुधा डब्यांच्या कड्या आणि जुन्या गुंड्या. तरी त्यांची आशा वेडगळ नव्हे. शेजारच्या सफोक परगण्यांत सटन हू येथें १९३९ सालीं अँग्लो-सॅक्सन काळांतील जहाज-दफन खरोखरच सांपडलें होतें. पहिल्या खंडाच्या अखेरीस दोघे शेतांतून निघून जातात, आणि कॅमेरा जमिनीखालीं उतरून त्यांना थोडक्यांत हुकलेलें धन आपल्याला दाखवितो. जुन्या प्रहसनांत या अज्ञानावर हशा पिकला असता. येथें त्यांना हांक मारून परत बोलवावें असें वाटतें. भरतमुनींचें स्मित तें हेंच असावें.

दोषहि सांगितले पाहिजेत. 'डिटेक्टरिस्ट्स'मधील प्रतिस्पर्धी शोधकांची थट्टा लौकरच शिळी होते. शिवाय तिच्यांत काय किंवा 'सर्कल्स'मध्यें काय, पुरुषांच्या छंदाला लागणारें सहनशीलतेचें भांडवल बायकांनीं पुरवावयाचें, हें फारसा प्रश्न न करतां गृहीत धरलेलें आहे. अ‍ॅनच्या डोळ्यांत तो प्रश्न निदान दिसतो. अँडीच्या बेकीला पुष्कळदां तेवढीहि सवड मिळत नाहीं. 'गेटिंग ऑन'मध्यें बायकांची सहनशीलता हा तुटपुंज्या पगाराचा धंदा झालेला दाखविला आहे, आणि म्हणूनच तिघींत ती आम्हांस सर्वांत निर्भय वाटते. मात्र तिची भाषा मोकळी आहे, हें घरांत लहान मुलें असणारांनीं ध्यानांत ठेवावें.

या मालिका फार गाजल्या नाहींत याचें एक कारण असें कीं, त्यांतून उचलून दुसऱ्याला ऐकविण्याजोगीं वाक्यें थोडीं. त्यांतला विनोद माणसापासून सोडवून घेतां येत नाहीं. बहुतेक भाग सुमारें अर्ध्या तासाचे आहेत. घरांतील मोठ्या मंडळींनीं एकत्र बसून एखादा पाहावा, आणि कोण कोठें हंसतें याकडेहि थोडें लक्ष द्यावें. एकाच घरांतील माणसें निरनिराळ्या ठिकाणीं हंसलीं, तर भाग संपल्यावर बोलावयास विषय पुष्कळ मिळेल.