‘झुंड’ : भिंतीपलीकडचीं मुलें

श्री. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा २०२२ सालचा चित्रपट भाषेनें हिंदी असला, तरी त्याची भूमि नागपूरची आहे. तेथील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनीं झोपडपट्टींतील मुलांसाठीं २००१ सालीं जें फुटबॉलचें कार्य आरंभिलें, त्यावर ही कथा आधारलेली आहे.

चोऱ्यामाऱ्या, नशा व हाणामारी यांत गुरफटलेल्या मुलांना यांतील शिक्षक उपदेश करीत नाहीं. प्रथम तो त्यांना खेळण्याबद्दल पैसे देतो. एके दिवशीं पैसे बंद होतात, तरीहि मुलें खेळावयास येतात. हिंसेची खोड मोडावयास शिक्षेपेक्षां ‘आपली कोणास तरी गरज आहे’ ही जाणीव अधिक उपयोगी पडते, हें येथें सहज पटतें. श्री. अमिताभ बच्चन यांनीं ही भूमिका संयमानें वठविली आहे.

परंतु दिग्दर्शकाची खरी दृष्टि पुढें दिसते. मुलगा सुधारतो, पण पोलिसांतील त्याची नोंद पुसत नाहीं. परदेशीं खेळावयास जाण्याच्या वेळीं तीच आड येते. महाविद्यालय व वस्ती यांमधील भिंतहि तशीच उभी राहते.

दोष सांगावयाचा तर न्यायालयांतील शिक्षकाच्या भाषणाचा. याच चित्रपटांत मुलांनीं स्वमुखें सांगितलेली कर्मकहाणी त्याहून कितीतरी बोलकी आहे. उत्तरार्धहि रेंगाळतो.

तरीहि हा चित्रपट वाचकांनीं सहकुटुंब पाहावा, अशी आमची शिफारस आहे. मात्र एका शिक्षकाचें कौतुक करून आपण सुटलों, असें कोणीं समजूं नये. अशा मुलाला कामावर, मैदानावर व घरांत घ्यावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न भिंतीच्या अलीकडे राहणाऱ्या आपणांसच सोडवावयाचा आहे.