माहिती तंत्रज्ञान धोरण आणि बीड जिल्हा : एक परीक्षण

महाराष्ट्र शासनाने माहिती तंत्रज्ञानाविषयीचे पहिले धोरण १९९८ साली जाहीर केले. त्यानंतर २००३, २००९, २०१५ आणि २०२३ साली नवी धोरणे आली. मागास भागांत हा उद्योग पोहोचावा, हा हेतू त्यांत वारंवार नमूद झालेला आढळतो. हेतूच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु धोरणाची परीक्षा त्याच्या प्रस्तावनेवरून करावयाची नसून त्यातील सवलती कोणत्या भूमीत रुजू शकतात, यावरून करावयाची असते. त्या दृष्टीने बीड जिल्ह्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या धोरणांतील सर्वांत ठळक सवलत म्हणजे माहिती तंत्रज्ञान उद्यानांना मिळणारा वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक. एकाच भूखंडावर अधिक मजले चढविण्याची ही मुभा होय. जेथे जमीन दुर्मिळ व महाग, तेथेच तिचे मोल. मुंबईत किंवा पुण्यात ती विकासकास लाखमोलाची वाटते. पाटोदा वा शिरूर कासार येथे तिचे मोल जवळजवळ शून्य आहे, कारण तेथे अडचण मजल्यांची नाही. मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्क यांतील सूटही इमारत उभारणाऱ्यासच प्रथम लाभते. विजेचा दर कमी झाल्याने वीज अखंड मिळतेच असे नाही, हे मराठवाड्यातील वाचकास सांगण्याची गरज नाही. तात्पर्य, सवलतीचे माप शहराचे आणि ती देऊ केली आहे खेड्यास.

धोरणाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, हा उद्योग स्वभावतःच समूहाने वाढतो. ग्राहक, कुशल मनुष्यबळ आणि विमानतळ जेथे, तेथेच तो जाणार. या म्हणण्यात तथ्य आहे. हिंजवडीची वाढ दुसऱ्या कशाने समजावून सांगता येत नाही. पण मग मागास भागांच्या विकासाची भाषा धोरणात कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

वस्तुतः परक्या उद्योगास मनुष्यबळ पुरविण्याची व्यवस्था बीडला नवी नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मुकादम उचल देतो, ती मजुरीतून फेडावयाची असते. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. स्त्रीच्या श्रमास निराळी नोंद नाही. कारखाना मजुराशी सहसा थेट करार करीत नाही, तो मुकादमाशी करतो. सेवा उद्योगाच्या बाह्य कंत्राटाची रचना याहून फार निराळी नाही. भेद एकच, पण तो मूलगामी आहे : येथे मजूर प्रवास करतो, तेथे काम. काम गावी आले तर मुलांची शाळा सुटत नाही, म्हाताऱ्यांना मागे ठेवावे लागत नाही. हा लाभ खरा आहे. मात्र मधल्या कंत्राटदाराविषयी धोरण मौन पाळत असेल, तर संगणकासमोरही मुकादम उभा राहण्यास वेळ लागणार नाही.

या संदर्भात आष्टी तालुक्यातील दादासाहेब भगत यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात किरकोळ काम करीत असता ते संगणकीय आरेखन शिकले आणि पुढे टाळेबंदीच्या काळात गावाकडे परतून त्यांनी आपला व्यवसाय चालविला. गावात संपर्कजाळे मिळेना, म्हणून टेकडीवरच्या गोठ्यातून काम करावे लागले. वृत्तपत्रांनी या गोठ्याचे कौतुक पुष्कळ केले. पण समीक्षकाच्या नजरेस त्यात धोरणाचे यश दिसत नाही. धोरणाने जे पुरवावयाचे ते एका माणसाने टेकडी चढून मिळविले, एवढेच दिसते. शिवाय भगत यांनी दुसऱ्याचे काम कंत्राटाने केले नाही, आपल्या मालकीची वस्तू निर्माण केली. हा फरक कौतुकाच्या भरात विसरला जातो. अंबाजोगाईसारख्या गावी अभियांत्रिकीचे शिक्षण उपलब्ध असूनही पदवीधर पुण्याची वाट धरतो, याचे कारण या फरकात शोधावे लागेल.

केंद्र शासनाची २०१६ ची भारत बीपीओ प्रोत्साहन योजना या बाबतीत अधिक सूज्ञ होती. पुणे, मुंबई यांसारखी महानगरे तिने वगळली, ४८,३०० आसनांचे वाटप राज्यांच्या लोकसंख्येनुसार केले आणि आसनामागे १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. स्त्रियांना काम देणाऱ्यांस अधिक साहाय्य होते. कोयत्यात हरवलेली स्त्री येथे निदान गणनेत आली. परंतु ‘आसन’ हे माप केंद्राच्या चार भिंतींतील आहे. आज दूरध्वनीवरील साधी उत्तरे आणि नोंदींची भरती ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागली असता, अशा आसनावर बसणाऱ्यास पुढे कोणते कौशल्य द्यावयाचे, याचा विचार त्या योजनेत पुरेसा नव्हता.

योजनेची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. घरून काम करण्यावरील दूरसंचार खात्याचे जाचक निर्बंध नोव्हेंबर २०२० मध्ये उठले. म्हणजे केज वा धारूर येथील स्त्रीस आपल्या घरातून हे काम करण्याची वाट मोकळी झाली, त्या वेळी तिच्या आसनासाठी ठेवलेल्या साहाय्याची मुदत उलटून दीड वर्ष लोटले होते.