केबल काढावी का?

‘केबल काढा, टीव्हीला संगणक जोडा,’ असा सल्ला आता सर्रास मिळतो. जतसारख्या गावात तो मानावा का?

केबलवर एकच संकेत सर्व घरांना पुरतो. इंटरनेटवर प्रत्येक घराला वेगळा प्रवाह लागतो. सेकंदाला ५ मेगाबिट वेगाने तासाभराच्या चित्रफितीला सुमारे सव्वादोन गिगाबाइट माहिती लागते. चाळीस मुलांनी ती घरोघरी पाहिली, तर ९० गिगाबाइट! पाहणारे वाढले की भारही वाढतो. सल्ला देणारे हा हिशेब सांगत नाहीत.

मग संगणक नकोच? तसे नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील गावांत उपग्रहावरून शालेय कार्यक्रम दाखवले गेले. पण मुलाला शंका आली, तरी शिक्षकांना कार्यक्रम थांबवता येत नव्हता. संगणकावर तो थांबवता येतो, पुन्हा दाखवता येतो. आमच्या मते संगणकाचा खरा गुण हाच. भरमसाट कार्यक्रम हा नव्हे.

म्हणून उतरवून घेण्याची परवानगी असलेली चित्रफीत एकदाच शाळेच्या संगणकात साठवा. मग चाळीस मुलांनाही तेवढेच सव्वादोन गिगाबाइट पुरतील. आणि दाखवताना मध्येच थांबवून विचारा, ‘आता पुढे काय होईल?’