पाहुणा आवाज आणि वऱ्हाडी कान

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, भाच्याने त्याच्या कानातला इअरफोन काढून माझ्या कानात घातला. "मामा, हे आइका. या गटातला एक जन आपल्या अमरावतीचा हाये." मी पन्नाशी ओलांडलेला, खंजिरी भजनांच्या जुन्या कॅसेटी जमवणारा माणूस. रॅपशी माझा संबंध तोवर वरातीतल्या डीजेपुरताच होता. बडबड ऐकावी लागणार म्हणून मनाची तयारी केली, आणि अकोला येईपर्यंत तेच गाणे चार वेळा ऐकले.

गाणे 'द वारली रिव्होल्ट', २०१९ सालचे. करणारा गट मुंबईचा 'स्वदेशी'. सोबत पाहुणे कलावंत म्हणून प्रकाश भोईर, आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे वारली कार्यकर्ते आणि लोकगायक. भाचा म्हणत होता तो अमरावतीकर म्हणजे गटातला सौरभ अभ्यंकर. नाव लिहितो '१००आरबीएच'. शंभराचा आकडा हिंदीतून 'सौ' असा वाचायचा म्हणजे सौरभ होते. मी आठवडाभर 'शंभर आरबीएच'च म्हणत होतो. 'गली बॉय' चित्रपटातल्या 'इंडिया ९१' या विवेक राजगोपालन यांच्या गाण्यात त्याचा आवाज आहे आणि एमटीव्हीच्या 'हसल' स्पर्धेमुळे तो आता कॉलेजच्या पोरांना पाठ आहे.

रॅपच्या दुनियेत गाण्याच्या नावापुढे 'फीचरिंग' लिहून पाहुण्याचे नाव घालतात. 'मेरे गली में' (२०१५) हे डिव्हाइनचे, सोबत नेझी. दोघे एकाच शहरातले, एकाच जोमाचे. पुष्कळदा मात्र हिशेब व्यापारी असतो. वर येऊ पाहणारा मोठे नाव सोबत घेतो आणि त्याचा ऐकणारा आपल्याकडे वळवतो. आपल्याला ही जोडगाण्याची कल्पना नवी नाही. शाहिरामागे झीलकरी असतो, कव्वालीत जबाबी मुकाबला असतो. पण झीलकरी शाहिराचा शब्द उचलतो आणि मुकाबल्यात दोघे एकमेकांवर मात करू पाहतात. 'वारली रिव्होल्ट'मध्ये यातले काहीच नाही. इथला पाहुणा वयाने मोठा आहे, बाजारात त्याचे नाव नाही. त्याने आणलेली गोष्ट वेगळी आहे: या विषयावर बोलायचा हक्क.

शीर्षकामागे इतिहास आहे. १९४५मध्ये उंबरगाव-डहाणू भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेल्यांना तो लढा सांगायला नको. आणि गाणे आले त्याच २०१९च्या ऑक्टोबरात, ४ तारखेच्या रात्री, आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे पाडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवले तोवर दोन हजारांवर झाडे गेली होती. अशा जागेबद्दल शहरातल्या पोरांनी एकट्यांनी गायले असते तर ती सहानुभूती झाली असती. भोईरांचा ठाय, घाई नसलेला आवाज आला की लक्षात येते, पाहुणी आहेत ती रॅप करणारी पोरे. घर याचे आहे. रॅपचा भाग जिथे घोषणेकडे झुकतो तिथे मला तो सभेतला वाटतो, हे नोंदवतो. पण भोईर गाऊ लागले की वेग खाली बसतो आणि शब्दांना जागा मिळते.

हे ऐकताना मला वांद्रे आठवले. नोव्हेंबर १९५६मध्ये गाडगेबाबांनी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. बाबा प्रश्न टाकतात, समुदाय उत्तर देतो, लगेच पुढचा प्रश्न. ठेका शब्दांचा, वाद्य फार नकोच. मुंबईत उभे राहूनही बाबांनी आपली वऱ्हाडी सोडली नाही. लोक हसले, भरपूर हसले, पण हसले ते स्वतःच्या अडाणीपणाला. बोलीला कोणी हसले नाही.

आता हसतात. काही वर्षांपूर्वी अकोल्याकडच्या एका संमेलनात एक बाई शेतकऱ्याच्या आत्महत्येवरची कविता वऱ्हाडीत म्हणायला उभी राहिली आणि पहिल्याच ओळीला सभागृहात खसखस पिकली. मीही ओठ दाबले होते, खोटे कशाला सांगू. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घराघरांत नेली, त्यांचे ऋण मान्यच. पण ती गेली विनोदाच्या दाराने, आणि दुसरे दार आम्हीच उघडले नाही. वास्तविक उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक (१९६०) वऱ्हाडीतच बोलते आणि वाचकाचा घसा दाटतो. विठ्ठल वाघांनी अकोल्यात बसून हयातभर ही बोली गंभीरपणे लिहिली. मराठीचा आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' आमच्या रिद्धपूरचा.

शिवाय रॅपवाल्यासाठी वऱ्हाडीत एक खजिना पडून आहे, त्याकडे कोणाचे लक्ष दिसत नाही. वऱ्हाडीत 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. काळा म्हणजे काया, डोळे म्हणजे डोये, शाळा म्हणजे शाया. प्रमाण मराठीत 'काळा'ला 'माया' जुळत नाही. इथे काया, माया, छाया, शाया, पाया एका रांगेत उभे राहतात. सुरेश भटांच्या अमरावतीला काफिया म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. रॅपचा सगळा डोलारा यमकावर, आणि तेही ओळीच्या शेवटीच नाही तर पोटातसुद्धा. प्रमाण मराठीत हे करताना शब्द ओढूनताणून आणावे लागतात. वऱ्हाडीत आजी दळताना बोलते त्यातच ते सापडतात. भोईरांना आरेत जी जागा मिळाली, ती इथे आमच्या ओवी गाणाऱ्या बायांना, दंडारीतल्या गड्यांना मिळावी अशी माझी इच्छा आहे. लोकसंस्कृतीचा नमुना म्हणून नव्हे. गाणे ज्याबद्दल आहे ते त्यांचेच आहे, म्हणून.

भाचाही लिहितो, मोबाइलमध्ये, हिंदीत. मी त्याला 'ळ' गळालेल्या शब्दांची दोन पाने भरून यादी दिली. त्याने त्यातले दोन वापरले. बाकीचे का नाही, असे विचारले तर म्हणाला, "मामा, शब्द लय भारी हायेत. पन लोक हासतीन ना."